शैलजाताईंना आम्ही ओळखत होतो

फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होते. विंटर टायर्स लावायला दरवर्षीसारखाच उशीर झाला होता आणि कॅनडातल्या आमच्या किचनरला त्या आठवड्यात पहिला मोठा बर्फ पडून गेला होता. शैलजाताईंच्या ऑफिसातली मुलगी इंग्रजीत म्हणाली, तुमची गुरुवारची अपॉइंटमेंट रद्द झाली आहे. मी विचारलं, मग पुढची कधी? ती म्हणाली, ताई घरासमोरचा बर्फ फावड्यानं शोव्हल करताना कोसळल्या, हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी सवयीनं 'थँक यू' म्हणून फोन ठेवला. मेकॅनिकनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, एक बाई गेल्या. कोण, त्यानं विचारलं. मला सांगता येईना. नातेवाईक नव्हत्या. मैत्रीण म्हणावं तर त्यांच्या घरचा चहासुद्धा मी कधी प्यायले नव्हते.

त्या थेरपिस्ट होत्या. मी आणि माझा नवरा निखिल त्यांच्याकडे जात होतो. हे वाक्य लिहून मी आधी निखिलला दाखवलं. तो ते पुन्हा एकदा वाचून म्हणाला, "राहू दे. माझ्या नावासकट राहू दे."

निखिल नागपूरचा, मी पुण्याची. त्याचे बाबा अचानक गेले तेव्हा आमचं वर्क परमिटचं काम अडकलेलं होतं. देशाबाहेर पडलो तर परत येता येईल की नाही, याची खात्री नव्हती. तो गेला नाही. बेसमेंटमध्ये बसून फोनवर त्यानं सगळं पाहिलं. अग्नी चुलतभावानं दिला. पुढच्या सोमवारी निखिल कामावर हजर होता, आणि सगळे म्हणाले, किती खंबीर आहे! हळूहळू त्याचं बोलणं कमी होत गेलं. जेवण खाली बेसमेंटमध्ये, झोपही तिथेच. पुढे पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्यावर त्यानं आईंना इकडे आणलं, तेव्हा वाटलं आता मोकळा होईल. पण आईंना बघितलं की तो आणखीच मिटून जायचा. घरात तीन माणसं आणि आवाज फक्त डिशवॉशरचा.

त्याच्या कंपनीमार्फत आम्ही आधी एका काउन्सेलरकडे गेलो होतो. बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, वडिलांवर राग आहे का? निखिल म्हणाला, "आय ॲम फाइन." मग त्यांनी आई वेगळ्या राहिल्या तर तुम्हा दोघांना मोकळीक मिळेल, असं सुचवलं. परत येताना गाडी चालवत तो एवढंच म्हणाला, "तिला वाटतं, आई हा प्रॉब्लेम आहे." तो पुन्हा तिथे गेला नाही. त्या बाईंचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या ओळखीच्या घरांमध्ये जे विचारतात तेच त्यांनी विचारलं होतं.

शैलजाताई मूळच्या अकोल्याच्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि इतकी वर्षं इथे राहूनही वऱ्हाडी हेल जसाच्या तसा. पहिल्या भेटीत त्यांनी निखिलला राग, दुःख, भावना यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "तेरवीच्या दिवशी काय केलं रे तू?"

"ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. लॉग इन केलं."

"अन् जेवला काय?"

निखिलला आठवायला वेळ लागला. "पिझ्झा," तो म्हणाला, आणि हसला. ते हसू मध्येच कुठेतरी तुटलं. तोंडावर हात दाबून तो वाकला... इतक्या वर्षांत मी त्याला तसं रडताना पाहिलं नव्हतं. ताईंनी घाई केली नाही. "रड बाप्पा," एवढंच म्हणाल्या. "तेरवी करायची राहून गेली होती न् तुझी."

त्या नेहमीच अशा मऊ नव्हत्या. निखिल एकदा म्हणाला, आमच्याकडे आईसमोर असलं काही बोलायची पद्धत नाही. त्यांनी विचारलं, "पद्धत म्हणून गप्प बसतो, का भीती वाटते म्हणून?" तो आठवडाभर चिडलेला होता. मला एकदा म्हणाल्या, "त्यानं बोलावं असं वाटते तुले, का तुझ्या बाजूनं बोलावं असं?" मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. आईंना त्यांनी बोलावून पाहिलं, आई म्हणाल्या, "मी काही वेडी नाही." ताईंनी तो विषय तिथेच सोडला.

एकदा इंडियन ग्रोसरीत त्या समोर आल्या. कोथिंबिरीच्या जुड्या चाळत माझ्याशेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "मी ओळख दाखवली तर लोक विचारतीन, कशी ओळख?" लोक विचारतच होते. त्यांच्याकडे जाणारं एक जोडपं वेगळं झालं आणि मराठी मंडळात बोललं जाऊ लागलं की ही बाई घरं मोडते. त्यांना कार्यक्रमांना बोलावणं बंद झालं. स्वतःची बाजू त्या मांडू शकत नव्हत्या, कारण ती मांडायची तर त्या जोडप्याबद्दल बोलावं लागलं असतं. आणि त्यांच्याकडे जाऊन सावरलेले लोक बोलणार कसे? आपण तिथे जात होतो, हेच त्यांना झाकायचं होतं.

अंत्यविधीसाठी फ्युनरल होममध्ये आम्ही गेलो. वाटलं होतं त्यापेक्षा बरीच माणसं होती, पण सगळी लांब लांब बसलेली, कोट अंगातच. ताईंची मुलगी ईशा विनिपेगहून आली होती. दारात उभी राहून ती प्रत्येकाला विचारत होती, "हाउ डिड यू नो माय मॉम?" सरळ, साधा प्रश्न. आणि एकेक जण सांगत होता... योगा क्लासला, लायब्ररीत, असंच, कुठेतरी. ती मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आपल्या आईला नीट ओळखणारं इथे कुणीच नाही, असं तिला वाटतंय.

आमची पाळी आली. मी 'ग्रोसरी' म्हणणारच होते. निखिल म्हणाला, "आय वॉज हर क्लायंट." आवाज जरा मोठाच निघाला. दोन-चार माना वळल्या. मग त्याला इंग्रजी पुरेना, तो मराठीत बोलू लागला. "माझे बाबा गेले होते. मला जाता आलं नाही. मला रडता येत नव्हतं. तुझ्या आईमुळे..."

ईशाला किती कळलं कोण जाणे. ती त्याचा हात धरून म्हणाली, "शी नेव्हर टोल्ड मी एनीथिंग. आय थॉट पीपल हॅड स्टॉप्ड कमिंग टु हर."

मागच्या रांगेतली एक पंजाबी बाई उठून आली. ईशाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हम भी आते थे, बेटा. मैं और मेरे हसबंड." बस्, तेवढंच. बाकीची माणसं बसून राहिली. एकजण उठला आणि बाहेर निघून गेला. आमच्याकडे बघणारे डोळे ओळखीचे होते. दुसऱ्या दिवसापासून मंडळात कुजबुज होणार हे मला तिथेच कळलं, आणि झालीही.

ताई गेल्यावर घर एकदम सुधारलं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. निखिल पुन्हा गप्प झालाय. मला भीती वाटते. रिचमंड हिलच्या एका थेरपिस्टचं नाव मिळालंय, पण तो म्हणतो, सगळं पहिल्यापासून कुणाला सांगू?

ताईंनी लावलेली एक सवय मात्र आम्ही मोडलेली नाही. घरात बोलणं जमत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, ड्राइव्हवेत गाडीत जाऊन बसा. समोर काचेकडे पाहून बोला, तोंडाकडे पाहून बोलाले जड जाते. तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही गाडीत जाऊन बसतो. कुठे जायचं नसतं. गेल्या रविवारी बसलो होतो आणि मागचं दार उघडलं. आई होत्या. शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं. आम्ही दोघंही समोरच बघत राहिलो. त्यांनी विचारलं, "कशा होत्या रे त्या बाई?"

निखिल काचेकडे बघत म्हणाला, "अकोल्याच्या होत्या, आई. बोलायच्या अगदी आपल्या मावशीसारख्या."

"अगं बाई," आई म्हणाल्या. "मग एकदा जेवायला आणायचं होतंस ना घरी."

ताई जेवायला कधीच आल्या नसत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. निखिलनं हीटर वाढवला, आरशात आईंकडे पाहिलं, आणि ताई कशा होत्या ते सांगू लागला.