सगळं पाठ असलेले आबा

स्वर्गात कधीकाळी स्वयंपाकघर काढायचं ठरलं, तर देवाला आमच्या घरमालक आबांना विचारल्याशिवाय चूलसुद्धा मांडता येणार नाही, आणि मांडलीच तर आबा ती हलवून दुसऱ्या कोपऱ्यात मांडायला लावतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. फार्मसी शिकायला मी दोंडाईच्याहून जळगावला आलो, तेव्हा पिंप्राळ्यात त्यांच्या घरामागची खोली मला मिळाली. खोली देताना त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत, वडील काय करतात विचारलं नाही. मी ख्रिस्ती आहे हे आमच्या गावच्या पाळकसाहेबांनी आधीच कळवलं होतं, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी खातोस का, एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर माझं चारित्र्य शुद्ध असल्याची त्यांची खात्री पटली आणि किल्ली माझ्या हातात आली.

आबा मूळचे सोनगीरकडचे. उमेदीची सगळी वर्षं धुळ्याला एका ख्रिस्ती मुलांच्या बोर्डिंगात स्वयंपाक करण्यात गेली होती, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना चुलीवर ठेवूनच समजत असे. एखाद्या माणसाबद्दल मत विचारलं, तर तो कच्चा आहे, करपलेला आहे किंवा मिठाला जागणारा आहे, यापलीकडे चौथं मत नाही. रविवारी चर्चमधून परतताना ते उपदेशाचा हिशेब मांडत. एकदा बाहेरगावचे मोठे विद्वान पाहुणे तासभर बोलून गेले. बाकीची मंडळी भारावून गेलेली, आणि आबा स्कूटरवर माझ्या मागे बसता बसता म्हणाले, "उपदेश बरा व्हता, पन वाफ पुरी बठनी नही." झालं, पाहुण्यांचा निकाल लागला.

त्यांची प्रार्थना हे एक वेगळंच प्रकरण होतं. सकाळचा चहा समोर आला की डोळे मिटायचे आणि आबांनी जगाची चौकशी सुरू करायची. दूधवाला, दूधवाल्याची म्हैस, कोपऱ्यावरचे शिंपीकाम करणारे चाचा, चाचांचा गुडघा, असं करत करत ते सरकारपर्यंत पोहोचायचे आणि तोवर चहावर साय धरायची. माझी परीक्षा आली की आणखी भर पडे. मुलगा पास होऊ दे, असं साधं मागणं ते कधीच मागत नसत. पेपर तपासणाऱ्या मास्तरांचं पोट त्या दिवशी साफ असू दे, त्यांना घरून ताजं अन्न मिळू दे, असं ते मागायचे, कारण अर्धवट जेवलेला माणूस मार्क देताना हात आखडतो हा त्यांचा बोर्डिंगातला अनुभव. हसू नका, मी सगळ्या विषयांत पास झालो.

पण आबांची खरी कीर्ती होती ती शास्त्रवाचनासाठी, म्हणजे चर्चमध्ये बायबल वाचण्यासाठी. आमच्या मंडळीत चांगलं वाचणारे कमी नव्हते, तरी सणावाराचा उतारा आबांनीच वाचायचा, हे ठरलेलं. पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीची टोपी खिशात घडी करून ठेवलेली, आणि खास वाचनापुरता चष्मा. तो चष्मा ते पुढे जाताना लावायचे आणि परत येताना काढून डबीत ठेवायचे. पुस्तक उघडायचे, बोटाला थुंकी लावून दोन पानं उलटायचे आणि मग तो आवाज निघायचा. काय सांगू तुम्हाला, त्या आवाजात पाठीमागच्या बाकावरची चुळबुळ करणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. मी लहानपणापासून पाठांतराची बक्षिसं मिळवलेला मुलगा, पण आबांचं ऐकल्यावर ती बक्षिसं परत करावीशी वाटली.

घरी मात्र ते स्वतः काही वाचत नसत. माझ्याकडून वाचून घेत. पेपर आला की पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, वाच बरं, पाहू तुझं मराठी. विजेचं बिल आलं, वाच बरं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, वाच बरं. मी वाचायचो आणि ते डोळे मिटून, कडक परीक्षकासारखे मान हलवायचे, मधेच एखादा उच्चार सुधारायचे. मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं की घरमालक फार शिस्तीचे आहेत, माझं मराठी सुधारतायत.

मग पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे नवे पाळकसाहेब बदलून आले. तरुण, उत्साही, स्वभावाने अगदी लोण्यासारखे. त्यांनी जाहीर केलं की कापणीच्या सणापासून आपण सोप्या मराठीतलं नवं भाषांतर वाचायला घेऊ, मुलांना समजेल, आणि नव्या पुस्तकातलं पहिलं वाचन अर्थातच आबा करतील. मंडळीने माना डोलावल्या. नवं कोरं पुस्तक आबांच्या हातात दिलं गेलं. घरी येईपर्यंत ते स्कूटरवर पुस्तक छातीशी धरून बसले, उपदेशात मीठ कमी की जास्त तेही सांगितलं नाही. संध्याकाळी माझ्या खोलीत आले, दार लोटलं, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पोऱ्या, माले वाचता येत नही."

मला वाटलं, नवं भाषांतर पसंत नसेल. मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. आबा शाळेत गेलेच नव्हते. बोर्डिंगातली मुलं सकाळ-संध्याकाळ मोठ्याने शास्त्र पाठ करायची आणि हे पलीकडे भाकऱ्या थापत ऐकायचे. वर्षानुवर्षं ऐकून सगळं पोटात उतरलं. एका रविवारी वाचणारा माणूस आजारी पडला, तिथल्या पाळकांनी पुस्तक यांच्या हातात दिलं आणि यांनी ते उघडून धरून पाठ होतं ते म्हटलं. लोक इतके खूश झाले की मला वाचता येत नाही, हे सांगायला जागाच उरली नाही. पुढे जळगावला आले, तेव्हा ती कीर्तीही मागोमाग आली. त्यांच्या पत्नी अक्का होत्या तेव्हा त्यांना तेवढं ठाऊक होतं. त्या गेल्या आणि गुपितात आबा एकटे राहिले. आणि आता या नव्या पुस्तकात सगळे शब्द वेगळे. चाळीस वर्षांचा मान जाणार आणि चाळीस वर्षांचं झाकलेलं उघडं पडणार, दोन्ही कापणीच्या सणाला एकदमच.

मी म्हटलं, आबा, यात काय अवघड आहे? मी नवा उतारा चार वेळा वाचून दाखवतो, तुमचा एका संध्याकाळात पाठ होईल. माझ्या मते मी फार हुशारीचा तोडगा काढला होता. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाजीत पाणी ओतलंय. "जुनं ते मन्हा पोटमा व्हतं," ते म्हणाले, "ते मी देवले दिधं. आते घोकीसन वाचानं सोंग करू, त ती लबाडी शे." मग माझ्यासमोर खाली चटईवर मांडी घालून बसले. शिकव म्हणाले. ज्या माणसापुढे अख्खी मंडळी गप्प व्हायची, तो माणूस एकोणीस वर्षांच्या भाडेकरूपुढे चटईवर. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीही खाली बसलो.

आणि इथून आमची जी काही फजिती सुरू झाली, ती विचारू नका. मी आधी त्यांचं जुनं शास्त्र घेतलं, म्हटलं ओळखीचं आहे, सोपं जाईल. अध्याय कुठला ते सांगून पहिलं अक्षर दाखवलं की आबा डोळे मिटायचे आणि पूर्ण अध्याय धाडधाड म्हणून मोकळे. मी सांगायचो, आबा, अक्षर बघा. ते बघायचे आणि पुढचा अध्याय म्हणायचे. गीतांचं पुस्तक घेतलं, तर चालीसकट गायला लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना इतकं येतं, म्हणूनच त्यांना शिकता येत नाही. रात्री पडल्या पडल्या विचार करताना मला स्वतःचीही थोडी भीती वाटली. माझी प्रार्थना, माझा विश्वास, हेही सगळं बापाकडून पाठ झालेलंच होतं. त्यातलं मी डोळे उघडे ठेवून किती वाचलं होतं?

पेपर घेतला तर तिथेही तीच गत. दोन अक्षरं लावायची आणि पुढचं अंदाजाने ठोकून द्यायचं. पुढाऱ्यांची भाषणं असल्यामुळे अंदाज बहुतेक बरोबरच यायचा. रस्त्यावरच्या पाट्या वाचायला नेलं, तर दुकानात समोर काय टांगलंय ते पाहून पाटी सांगायचे. कुकरसोबत आलेली माहितीची पुस्तिका दिली, तर डाळ किती शिजवावी हे वाचून त्यांचा कंपनीशी वाद सुरू झाला आणि अभ्यास राहिला बाजूला. मला असं काहीतरी हवं होतं की जे त्यांनी कधी ऐकलेलं नाही आणि ज्याचा अंदाजही करता येणार नाही.

ते मला सापडलं लग्नपत्रिकेत. आमच्या खानदेशातली लग्नपत्रिका तुम्ही पाहिलीच असेल. वधूवरांची नावं कोपऱ्यात कुठेतरी असतात, बाकी सगळी पत्रिका म्हणजे काका, मामा, मावसे, भाऊबंद आणि त्यांच्या गावांची भरगच्च गर्दी. कुणानंतर कोण येईल, हे नवरदेवालाही सांगता येणार नाही. आबांचं पाठांतर तिथे हात टेकायला लागलं. एकेक नाव अक्षर अक्षर जोडूनच वाचावं लागे. मी कॉलेजातून, मेसमधून पत्रिका गोळा करून आणू लागलो, चाचांनी त्यांच्या दुकानातल्या दिल्या, आणि कॉलनीत बोभाटा झाला की आबांना म्हातारपणी जेवणावळींची हौस लागली आहे.

पण आबा ते आबाच. वाचलेल्या माणसाला असं वाऱ्यावर कसं सोडायचं, म्हणून ज्याचं नाव वाचलं त्याच्यासाठी प्रार्थना करायची, असा त्यांनी नियम काढला. मग काय, सकाळच्या चहात दूधवाला आणि म्हैस यांच्या मागोमाग अमळनेरचे महाजन, शिरपूरचे पाटील, त्यांचे व्याही, व्याह्यांची निमंत्रक मुलं अशी वरातच निघायची. आम्ही दोघं रोज गार चहा प्यायचो. एकदा मी कंटाळून म्हटलं की यातल्या एकालाही आपण ओळखत नाही. आबा म्हणाले, त्यांनाबी कुठं माहीत शे कोणी मागतंय ते, पन चालतंय ना त्यांचं बरं.

दसरा झाला तेव्हा ते एक दिवस मला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तेव्हा कळलं की वाचनाचा तो प्रसिद्ध चष्मा बाजारात रस्त्यावर घेतलेला, नंबर नसलेला होता. दवाखान्यात तक्ता वाचायला लावतील, म्हणून ते आयुष्यात कधी डॉक्टरांकडे गेलेच नव्हते. त्या दिवशी खुर्चीत ताठ बसून त्यांनी तक्त्यावरची अक्षरं मोठमोठ्याने वाचली, आणि डॉक्टर पुरे म्हणाले तरी दिसत होती तेवढी संपवूनच थांबले. बाहेर येऊन त्यांनी मला भरिताचं जेवण दिलं. इतके आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

कापणीचा सण आला. चर्चमध्ये पुढे ज्वारीची कणसं, केळीचे घड, वांगी, भोपळे रचले होते. आबा उठले, नवा चष्मा लावला, नवं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. एकेक शब्द. जोडाक्षर आलं की थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा मागून यायचे. बोट ओळीखालून मुंगीच्या चालीने सरकत होतं. मला प्रत्येक शब्द म्हणजे डोंगर चढल्यासारखा वाटत होता, आणि ते चढत होते, बरं का, एकही शब्द गाळला नाही, एकही अंदाजाने ठोकला नाही. पण आजूबाजूला मी पाहिलं तर लोक एकमेकांकडे बघत होते. महिला संघाच्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. माझ्या शेजारचे गृहस्थ हळहळून म्हणाले, वय झालं हो आबांचं, कसा वाचणारा माणूस होता.

उपासना संपल्यावर कुणी त्यांना पाणी दिलं, कुणी खुर्ची दिली. पाळकसाहेबांनी फार प्रेमाने त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं की आबा, तुम्ही पुष्कळ सेवा केलीत, आता आराम करा, पुढच्या सणापासून वाचन या तरुणाला देऊ. हा तरुण म्हणजे मी. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. आबांनी माझा दंड असा दाबला की मी तोंड मिटलं. पाळकसाहेबांना त्यांनी सलाम केला आणि आम्ही निघालो.

रस्त्यात माझा राग मावेना. मी स्कूटर थांबवून म्हटलं की मी परत जाऊन सगळ्यांना सांगतो, आज तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा वाचलंत म्हणून. आबा शांतपणे खाली उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "वाचता येये नही, तवय लोके म्हनेत, आबा काय वाचस. तवय मी गप ऱ्हायनू. आते वाचता येस, त लोके म्हनतस, आबाले जमत नही. आते बी गप ऱ्हासू. फिट्टंफाट." आणि वर मलाच विचारलं, वाचन कसं झालं ते सांग. मी म्हटलं, वाफ पुरी बसली. तेव्हा म्हातारा लहान पोरासारखा हसला.

पुढे मी शिकून धुळ्याला नोकरीला लागलो. आबा गेल्या वर्षी गेले. मातीला मी जळगावला गेलो होतो. कबरेजवळ दोघं-तिघं वडीलधारे बोलले आणि सगळ्यांनी आबांच्या वाचनाची आठवण काढली. झुळझुळ पाण्यासारखं वाचायचे म्हणाले. शेवटी शेवटी नजर गेली आणि बिचाऱ्यांचं वाचनही गेलं म्हणाले. मी खाली मान घालून उभा राहिलो आणि मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, भाडेकरूचा जीव होता आबांवर. होताच. पण मंडळीला आठवतात ती झुळझुळ वाचनं मला आताशा आठवत नाहीत. मला ते एकच आठवतं, ठेचकाळत, थांबत, पुन्हा मागून येत केलेलं. आजवर पुष्कळ शास्त्र ऐकलं, पुष्कळ स्वतः वाचलं, पण त्या दिवसासारखं मी पुन्हा कधी ऐकलेलं नाही.