गुडघ्यांचं माप

एक डोळा दुधावर आणि एक घड्याळावर ठेवून मी उभी होते. सासूबाई बुटक्या स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. एकदा, मग थोडं थांबून दोनदा. लाकूड आतून पोकळ आहे का बघावं, तसं. असं फक्त सुतारकाकाच वाजवतात.

"ताई, दार खाली घासतंय तुमचं," ते आत येतायेताच म्हणाले.

"चौदा वर्षं घासतंय. आत्ता आठवण झाली होय?" सासूबाई म्हणाल्या.

काका हसले, पण बसले नाहीत. हातात त्यांची ती जुनी वही होती.

आमचं कॉलेज सुरू झालं ते एका रिकाम्या गोदामात. शिक्षण मध्येच सुटलेल्यांसाठी काढलेलं. बाकांचं काम काकांकडे आलं. शिकणारे म्हणजे लहानच असणार, असं धरून त्यांनी प्राथमिक शाळेच्या मापाची चाळीस बाकं ठोकली. पहिल्या दिवशी आलो कोण? पोस्टमन, दवाखान्यातली आया, कडेवर मूल घेतलेली मी. पोस्टमनचे गुडघे हनुवटीला टेकले. वर्ग हसला आणि दारातले काका कानापर्यंत लाल झाले.

त्यांनी बाकांच्या पायांखाली ठोकळे बसवले. तेव्हापासून दर वर्षी नवी तुकडी आली की काका घडीची पट्टी घेऊन प्रत्येकापुढे उकिडवे बसायचे आणि गुडघ्याची उंची वहीत लिहायचे. छपराच्या काचेतून उन्हाचा पट्टा उतरायचा, त्यात भुसा तरंगायचा, कुणीतरी संथपणे धडा वाचत असायचं. मला वाटायचं, गोदाम आम्हा सगळ्यांना घेऊन अलगद पाण्यावरून चाललंय.

त्या वहीत सगळं आहे. कारखाना बंद पडला त्या वर्षीचे ते सगळे थोराड गुडघे. एका वर्षी आई नि लेक एकाच बाकावर, माप तंतोतंत सारखं.

आता नवी इमारत झालीये, खुर्च्यांसकट. शनिवारी गोदामातला शेवटचा वर्ग, सोमवारी ते पाडणार. पहिल्या तुकडीतली म्हणून शेवटची हजेरी मी घ्यायची आहे.

काकांनी वही माझ्या हातात दिली, मी ती चाळली. "काका, यात तुमचं माप कुठंय?"

"माझं कोण घेणार? दहाव्या वर्षी शाळा सुटली. बाकावर बसलो ते डुगडुगतंय का बघायला, तेवढंच."

"बसा त्या खुर्चीत," सासूबाईंनी भाजी बाजूला सारली. "पट्टी आणा इकडे. हलू नका हो, लहान पोरासारखे!" त्यांनी डोळे बारीक केले. "साडेसतरा इंच."

काकांनी कानामागची पेन्सिल काढून शेवटच्या पानावर साडेसतरा लिहिलं. बराच वेळ त्याकडे बघत राहिले. दूध उतू गेलं, कुणी तिकडे वळलं नाही.

"ताई," ते मला म्हणाले, "शनिवारी मला मागच्या बाकावर बसू द्या. आणि हजेरीत माझं नाव घ्या."