गंज काढ

लग्नाला सहा महिने झाले, तरी आमची पुण्याची सून माझ्याशी दोनच शब्द बोलायची, "हो, बाबा." ती आणि पोरगा राहतात पुण्यात, आमच्याकडे भंडाऱ्याजवळ वरठीला येतात सणासुदीला. सासूशी हिच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. मी मात्र तिला जणू शाळा तपासायला आलेला साहेब. कारखान्यात मशीनवर आवाज चढवून चढवून माझं साधं बोलणंही दटावल्यासारखं वाटतं, त्याला कोण काय करणार?

घरात जमेना, तर जंगलात जमेल म्हणून मीच बेत आखला. बपेऱ्यावरून मध्य प्रदेशात शिरायचं आणि सातपुड्यातल्या एका खोल, खडकाळ दरीत तंबूत राहायचं.

पोरगा म्हणाला, "बाबा, तिथं जेवण भेटते."

"पोळ्या भेटतात. भाताचं काय?"

भंडाऱ्याचा माणूस एकवेळ वाघाला भिणार नाही, पण भाताविना झोपायला भितो. त्यामुळे पाठीवरच्या पिशवीत तांदूळ, आणि पिशवीला बाहेरून बांधलेला, भात शिजवायचा जर्मनचा जुना गंज. उतरताना तो प्रत्येक खडकाला टण्‌ टण्‌ भेटत होता. माकडं आम्हाला बघायच्या आधीच पळाली.

खाली ओढ्याकाठी तंबू लागले. बायको आणि पोरगा काटक्या आणायला गेले. चुलीचे दगड मांडता मांडता मी सुनेला म्हणालो, "पोरी, गंज काढ लवकर."

"हो, बाबा."

चूल मांडून झाली, तरी गंजाचा पत्ता नाही. जाऊन पाहतो तर ही ओढ्यावर बसून वाळूनं गंज घासते आहे. बोटं लाल झालेली.

"काहून घासून राहिली वं?"

"तुम्हीच म्हणालात ना, गंज काढ! पण बाबा, जर्मनच्या भांड्याला गंज लागतच नाही हो! केव्हाची शोधतेय मी!"

मागून आलेल्या बायकोनं मोळी टाकली आणि हसत खालीच बसली. "अवं बाई, आमच्याकडं या भांड्यालेच गंज म्हणतेत!"

सुनेनं गंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही उद्याच पुण्याची गाडी धरणार!

"म्हणजे लग्नानंतर तुम्ही मला म्हणाला होतात, आपल्या घरी गंजच गंज, ते हे?" तिनं कमरेवर हात ठेवले. "मी आईला फोन करून सांगितलं, माणसं चांगली आहेत, फक्त भांडी गंजलीयेत!"

दुसऱ्या दिवशी दरी चढताना मी वळणावळणाला टेकत होतो. वरून हाक आली, "बाबा, काहून बसून राहिलात?" शेवटचा 'त' तेवढा पुण्याचा.

"दम लागून राहिला!"

"दम नाही, पोट आहे ते. उठा!"

बायको म्हणाली, "घ्या आता. बोलती तुमालेच कराची होती ना?"

मी उठलो.