बस वळली ती माझ्या सांगण्यावरून

हे लिहायचं मी पंचवीसेक वर्षं टाळलं. विसरलो होतो असं मुळीच नाही. मॉरिशसच्या त्या सहलीतलं कुणी लग्नाकार्यात भेटलं की हमखास विषय निघायचा, "काय हो, आठवतो का आपला तो ड्रायव्हर?" आणि मी लगेच वाढप्याला मठ्ठा आणायला सांगायचो. आता त्या एकोणतीस जणांतले बरेच गेले. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. जे हयात आहेत त्यांनी हे वाचावं, कारण त्यांच्या मनात एका माणसाबद्दल जे बसलंय ते खोटं आहे, आणि ते मी बसवलं.

शनिवार पेठेत राहून मी एकवीस वर्षं पुण्यातल्याच एका लहानशा सहल कंपनीत टूर मॅनेजर होतो. चांगला टूर मॅनेजर होतो. माझ्या सहलीत कधी पासपोर्ट हरवला नाही, कधी कुणाला शिळं अन्न मिळालं नाही, आणि विमानतळावर मी मोजलेली डोकी कधी चुकली नाहीत. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते काम येत नव्हतं म्हणून झालं, अशी सवलत मला कुणी देऊ नये.

पुण्याचा गट घेऊन जायचं म्हणजे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, छापील कार्यक्रमपत्रिका. पुणेकर ती घडी करून खिशात ठेवतो आणि पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण करतो. एक जरी ठिकाण खुणेविना राहिलं, तर परत आल्यावर पत्र येतं. जे छापलेलं नाही ते दाखवलं, तरी पत्र येतं, त्यात फक्त "हेतू काय?" हा प्रश्न जास्तीचा असतो. दुसरी गोष्ट बसमधल्या जागा. रोज सगळ्यांनी दोन रांगा पुढे सरकायचं आणि पुढच्यांनी मागे जायचं, म्हणजे पुढची काच प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येते. यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत, तीही निवृत्त न्यायाधीशांची.

मॉरिशसला मी त्याआधी तीनदा जाऊन आलो होतो. बेट लहान. सकाळी न्याहारी करून निघालं की संध्याकाळपर्यंत निम्मं बेट फिरून होतं. दोन्ही बाजूंना उसाचे मळे, मळ्यांत वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग, त्यांच्यामागे एकदम उभे राहिलेले अणकुचीदार डोंगर, आणि कुठल्या वळणावर समुद्र पुढे येईल याचा नेम नाही. तिथले रस्ते मला घरच्या जिन्यासारखे पाठ झाले होते. कुठल्या वळणावर "डावीकडे बघा" म्हणायचं, कुठे गप्प बसून लोकांना बघू द्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं.

दरवेळी ड्रायव्हर एकच असायचा. चाळिशीचा, ठेंगणा, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री. त्याचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. घरात तिथली क्रिओल बोली चालायची, पण आईमुळे त्याला मराठी यायची. त्याची मराठी ऐकून आमचे लोक गालात हसायचे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "पणजोबांबरोबर व्याकरण बोटीत चढलेलं दिसत नाही." त्याला ते कळलं असावं. तोही हसला.

दुसऱ्या सहलीपासून त्याचं एकच मागणं होतं.

"दादा, माजी आय म्हणते, येवडे मराठी लोक तू फिरवतो, एक बी माणूस घरी आणला नाय. तिच्या आज्याच्या मुलखाची माणसं तिला बगायची हायत."

"अरे बाबा, बसभर माणसं कुणी घरी नेतं का?"

"अंगण मोटा हाय. खुर्च्या देवळातून आणतो."

दोनदा मी टाळलं. चौथ्या वेळी मात्र मनापासून हो म्हणालो. गुरुवारी नैर्ऋत्येचा फेरा होता. परतताना चार वाजता त्याच्या गावाकडे वळायचं, अर्धा तास थांबायचं. त्याचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं.

हे पत्रिकेत छापून घ्यायला हवं होतं. पण मग मालकांना विचारावं लागलं असतं, आणि नुकतंच एक प्रकरण झालं होतं. आधीच्या सहलीत मी सगळ्यांना एका न छापलेल्या किनाऱ्यावर नेलं म्हणून पत्र आलं होतं. मालकांनी बोलावून सांगितलं, "तुम्हाला कवी व्हायचं असेल तर घरी व्हा. इथे छापलंय तेवढंच दाखवायचं. पुन्हा असं पत्र आलं तर दुसरं काम बघा." मुलीचं लग्न ठरलं होतं. तेव्हा मी ठरवलं, आयत्या वेळी माइक हातात घ्यायचा आणि "आता तुमच्यासाठी एक अनपेक्षित भेट" असं जाहीर करायचं. पुणेकरांना अनपेक्षित काही आवडत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी डोंगरातल्या तलावावर गेलो. काठावर शंकराचं देऊळ आहे, तिथे बायकांनी मनोभावे बेल वाहिला. मग दरीचा कठडा, मग धबधबा. सगळं वेळेत. जेवण करून सातरंगी मातीपाशी पोचलो तो आभाळ भरून आलेलं. ती माती म्हणजे झाडीत मध्येच उघड्या पडलेल्या टेकड्या. ऊन असलं की तांबडा, जांभळा, पिवळा असे पट्टे झळकतात. त्या दिवशी सगळं विटकरी.

गटात एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी कठड्यावर पत्रिका पसरली आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"चारच दिसतायत."

"साहेब, ऊन पडलं की सात दिसतात."

"मग ऊन पडेपर्यंत थांबू. सात लिहिलेत, सात बघणार."

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्याचा एक. शेवटी ऊन पडलं, सहाव्यापर्यंत एकमत झालं, सातव्यावर इंजिनिअरसाहेबांच्या पत्नीच म्हणाल्या, "अहो, चला आता, सातवा मी घरी दाखवते." सगळे हसले, पण बसमध्ये चढताना कुरबूर सुरू झाली होती. पत्रिकेतलं शेवटचं ठिकाण, लाकडी जहाजांचं दुकान, साडेपाचला बंद होणार होतं. तिथली जहाजं पुण्यात दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायची टूम होती. माइक माझ्या मांडीवर होता. आता सांगतो, पुढच्या वळणानंतर सांगतो, असं करत मी घाट उतरलो.

मी काहीच म्हणालो नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे ड्रायव्हरनं बस आत वळवली.

रोजच्या सरकण्यानं त्या दिवशी पहिल्या जागेवर इंजिनिअरसाहेब आले होते. ते उठून उभेच राहिले.

"अहो, हा कुठला रस्ता? दुकान सरळ आहे ना?" त्यांनी खिशातून पत्रिका काढली. "इथे काही नाहीये."

मागून आवाज आला, "साडेपाचला बंद होतं हो ते!"

मी ड्रायव्हरच्या शेजारी दोन हातांवर होतो. एक वाक्य पुरेसं होतं. "मी सांगितलंय त्याला." मला मालकांचं 'दुसरं काम बघा' आठवलं, आणि मी माइकमध्ये म्हणालो, "ड्रायव्हरनं परस्पर वळवलेली दिसतेय. मी बघतो." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला म्हणालो, "कुठे चालवलीस? फिरव गाडी."

त्यानं आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं.

रस्ता एका बसपुरता होता, दोन्हीकडे ऊस. बस फिरवायला जागा एकच, गावातल्या देवळापुढची. त्याचं घर देवळाला लागून. म्हणजे फिरवायला का होईना, तिथवर जावंच लागलं. अंगणात पत्र्याच्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या. दाराला झेंडूचं तोरण. शेजारपाजारची माणसं धुतल्या कपड्यांत उभी. हिरवं लुगडं नेसलेली एक वाकलेली म्हातारी हातात औक्षणाचं तबक घेऊन पुढे आली, निरांजनाभोवती पंजा धरून. बस थांबली तशी ती दारापाशी आली. दार उघडलं नाही. बस मागे गेली, पुढे आली, आणि वळली.

"घरगुती दुकान दिसतंय," इंजिनिअरसाहेब म्हणाले. "आधी ओवाळायचं, मग खिसा कापायचा."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या त्या हसण्याचा आवाज मला अजून ओळखता येतो.

दुकान उघडं मिळालं. जहाजं घेतली गेली. हॉटेलवर ड्रायव्हरनं नेहमीसारखा म्हाताऱ्या बायकांना हात देऊन उतरवलं आणि मला विचारलं, "उद्या किती वाजता, दादा?" मी आठ म्हणालो. तो पावणेआठला हजर होता. उरलेले तीन दिवस त्यानं त्या गोष्टीचा शब्द काढला नाही, आणि मी त्याचे आभार मानायच्या मनःस्थितीत होतो.

परत आल्यावर महिन्याभरानं वारज्याला एका हॉलमध्ये गटाचा स्नेहमेळावा झाला. फोटो पाहून झाले, बटाटेवडे झाले, आणि इंजिनिअरसाहेबांनी तिथल्या बस कंपनीला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. 'वाहनचालकाने स्वतःच्या लाभासाठी बस आडमार्गाने नेली.' भाषा निर्दोष होती. कागद फिरू लागला. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्यापाशी येऊन थांबला.

"पण त्या बाईच्या हातात निरांजन होतं," त्या म्हणाल्या. "दुकानदारीण निरांजन लावून उभी राहते का हो?"

"बाई, धंद्यात सगळं चालतं," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर शेजारी होतात. तुम्हाला काय वाटतं?"

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी कागद सही न करता पुढे दिला. शेवटी तो माझ्यापुढे आला. टूर मॅनेजरची सही असली म्हणजे पत्राला वजन येतं, असं सगळ्यांचं मत पडलं. मी माझ्याच पेनानं सही केली. घाईत नाही, पूर्ण नावानिशी, वाचता येईल अशी.

दोन वर्षांनी पुन्हा त्या बेटावर गेलो तेव्हा बसवर दुसराच ड्रायव्हर होता. पहिल्याबद्दल विचारलं तर म्हणाला, पुण्याहून पत्र आलं, तेव्हापासून त्याला पर्यटकांच्या गाडीवर ठेवत नाहीत. तो आता हॉटेलांच्या चादरी धुलाईला नेणारी गाडी चालवतो. एका दुपारी गटाला किनाऱ्यावर मोकळं सोडलं आणि मी टॅक्सी करून त्याच्या गावी गेलो. काय बोलायचं ते मी वाटेत पक्कं केलं होतं. त्याच्यापुढे, आणि त्याच्या आईपुढेही बोलायचं होतं.

तो घरीच होता. मला पाहून दचकला, मग धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. आई दारात बसली होती. मी कुठला हे कळल्यावर तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही.

"पुण्याचा," ती म्हणाली. "त्या दिशी बस आली आणि गेली रे बाबा. मी तबक घेऊन हुबी."

मी तोंड उघडलं. "आजी, त्या दिवशी..."

"आय, तुला किती वेळा सांगितला," मुलगा मध्येच म्हणाला. "आत एक बाई आजारी झाली. दवाखान्यात न्यायची होती." आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं, आरशातून पाहिलं होतं तसं नाही, सरळ.

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. "बरी झाली का रे ती बाई?"

"हो आजी," मी म्हणालो. "अगदी बरी झाली."

तिनं हात जोडले. माझ्यासाठी चहा आला, सोबत नारळाची करंजी. मी दोन्ही संपवलं. टॅक्सीपर्यंत तो सोडायला आला. आम्ही दोघेच होतो, ऊस वाऱ्यानं वाजत होता, आणि वाक्य माझ्याकडे तयार होतं: मी सांगितलं म्हणून तू बस वळवलीस, खोटं मी बोललो, सही मी केली, मला माफ कर. एवढंच होतं. एका दमात म्हणता आलं असतं.

त्यानं टॅक्सीचं दार उघडून धरलं.

"येतो," मी म्हणालो.