हवेत वाजवलेला ठोका

एक काळ असा होता की चर्चनंतरच्या न्याहारीला काझिमिर ग्रोशेक यांच्या कपात कुणी कॉफी ओतत नसे. अमेरिकेत, मिलवॉकीच्या दक्षिणेला, सरोवराच्या काठी आमचं गाव. तेव्हा गावातल्या प्रत्येक चर्चचं स्वतःचं ड्रम आणि बिगुलांचं पथक होतं, आणि उन्हाळ्यात दर शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर त्यांच्या स्पर्धा लागत. काझ आठवडाभर ओतकामाच्या कारखान्यात असत आणि शनिवारी परीक्षक. ड्रमवाल्यांच्या रांगेसमोर ते गुडघ्यांत वाकून उलटे चालत, कान ड्रमच्या कातड्याजवळ, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल. एखादा ठोका रांगेपासून जरा सुटला की कागदावर एक खूण. प्रत्येक खुणेला गुण कापला जाई. मैदानात उतरताना पथकाकडे सगळे गुण असत. तिथून पुढे फक्त गमावायचं. ज्यांच्या पोरांवर खुणा पडल्या त्या आया रविवारी कॉफीची किटली घेऊन काझच्या टेबलाला वळसा घालून जात.

तेव्हाचे खेळही तसेच होते. ड्रम उजव्या खांद्यावरून पट्ट्याने तिरका लटकायचा आणि चालताना मांडीवर आदळायचा. जून संपेपर्यंत प्रत्येकाच्या डाव्या मांडीवर निळा डाग. बिगुलाला एकच कळ, म्हणून गाण्यातले काही सूर मुळात नसतच, ते ऐकणाऱ्याने मनात भरून घ्यायचे. पथक मैदानाच्या एका टोकाला सुरू होई, मध्ये झेंड्याला सलामी देई आणि दुसऱ्या टोकाला संपे. अवघड काही कुणी वाजवत नसे. अवघड म्हणजे चुका, आणि चुका म्हणजे खुणा. जे स्वच्छ येत नाही ते हळूच गाण्यातून काढून टाकायचं, ही त्या वेळची शहाणी रीत होती. आणि काढायला वेळच उरला नसेल तर त्यालाही एक उपाय होता. त्याला आमच्याकडे हवेत वाजवणं म्हणतात. काड्या शेजाऱ्याच्या काड्यांबरोबर वर जातात, खाली येतात, पण कातड्याला टेकत नाहीत. अवघड जागा निघून गेली की पुन्हा टेकतात. परीक्षक ऐकतो, आणि न पडलेला ठोका ऐकू येत नाही. काझना हे परीक्षक म्हणून ठाऊक होतं, आणि पुढे आमच्या पथकाचे शिक्षक झाल्यावर त्यांनी ते शिकवलंही. "शंका आली की हवेत," ते म्हणत. चर्चच्या तळघरात, जिथे पथकाचा सराव चाले, लहानाची मोठी झालेली प्रत्येक पिढी हे वाक्य आधी शिकली आणि प्रार्थना नंतर.

मग खुणांची पद्धत गेली. परीक्षक गुण कापण्याऐवजी द्यायला लागले, किती अवघड होतं, किती देखणं होतं, याचे. काझनी परीक्षकाचं काम सोडलं. बिगुलांना आणखी कळा आल्या, झेंडा गेला, मैदानावर रंगमंचासारखे जिने आणि आरसे आले, ध्वनिवर्धक आले, वाजवणारी पोरं धावायला, लोळायला, नाचायला लागली. गावातली पथकं एकेक करून मिटली. आमच्या सेंट कुनेगुंडा चर्चचं सगळ्यात शेवटी. आता देशात मोजकी मोठी पथकं उरली आहेत आणि त्यांत जगभरातून पोरं येतात. तळघरात काझ आणि त्यांची नात टेसा, एवढेच राहिले.

टेसा सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे शिकत होती. ती बेकरीत कामाला होती, पहाटे पाव लावायची आणि दुपारी तळघरात उतरायची. त्या हिवाळ्यात ती एकविसाची झाली. मोठ्या पथकांत वयाची हद्द तिथेच संपते. एक उन्हाळा उरला होता, आणि त्यासाठी एकच निवडचाचणी.

"जाजा, मी नाव दिलंय," तिने शुक्रवारी सांगितलं. जाजा म्हणजे पोलिश घरांतले आजोबा. आम्ही कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यात मासे खायला बसलो होतो. शेजारच्या घरात वाढल्यामुळे मी त्यांच्या टेबलाची कायमची पाहुणी.

काझनी माशावर लिंबू पिळलं. "नाचणाऱ्यांकडे?"

"वाजवणाऱ्यांकडे."

"वाजवता येत नाही म्हणून तर नाचतात गं ते. लोकांचं लक्ष पायाकडे गेलं की हातांची झाकली मूठ."

पलीकडच्या स्टुलावरून एल्रॉय बुझिन्स्की वळले. तरुणपणी दोघं एकाच पथकात होते, काझ ड्रमवर आणि ते बिगुलावर, आणि तेव्हापासून ते काझची खोड काढत आले होते. "आणि तुम्हा ड्रमवाल्यांना चालतानाही वाजवता यायचं नाही, काझ. म्हणून सलामी एवढी लांब असायची. सगळी देशभक्ती दम खायला."

"तू गप. तुझ्या बिगुलातून सूर कमी आणि थुंकी जास्त निघायची."

"निघायची की. पण मी कधी हवेत नाही फुंकली."

टेसा हसली. काझही हसले. मग तिच्या ताटात आपल्यातला बटाटा सरकवत ते म्हणाले, "जा. तिथे तुझ्याइतके स्वच्छ हात कुणाचे नसणार. एवढं मी लिहून देतो."

ही थाप नव्हती. त्यांचा तो खरा विश्वास होता. त्यांच्या पुढचं सगळं जग रंगरंगोटीत गेलं आणि हात मात्र सेंट कुनेगुंडाच्या तळघरात राहिले, असं ते मानत आले होते. त्याच्या आधारावर ते इतकी वर्षं तिथे उतरत होते.

चाचणी इलिनॉयमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. काझनी हायवेवर गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून गाडी मी चालवली. घरच्यांना लाकडी बाकांवर बसायची मुभा होती. खाली चाळीसेक पोरं ड्रम चढवत होती. पट्टा नाही, दोन्ही खांद्यांवर बसणारा सांगाडा, ड्रम पोटापुढे सपाट. ओसाकाहून आलेला एक मुलगा होता. टेक्सासची एक ठेंगणी मुलगी मनगटांना चिकटपट्टी गुंडाळत होती. टेसा शेवटून तिसरी उभी राहिली.

सुरुवातीला नुसता हात मोकळा करायचा सराव होता. एका हाताने आठ ठोके, मग दुसऱ्या हाताने आठ. सगळ्यात साधी गोष्ट. काझ पुढे झुकले, मान तिरकी केली, आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर ठेवला. चूक ऐकली की त्यांचा अंगठा दाबला जातो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यालाही त्यांनी सोडलेलं नाही.

अंगठा हलला नाही.

शिक्षकाने लय वाढवली. चाळीस ड्रम होते आणि एकच आवाज होता, जाड दार बंद व्हावं तसा. मग ठोक्यांच्या मध्ये दुहेरी ठोके आले, त्यांच्या पोटात आणखी काहीतरी आलं, ज्याला काझच्या तरुणपणी नावच नव्हतं. पोरं तिरकी सरकू लागली, गुडघे वाकवून, कंबर एकीकडे आणि पाय भलतीकडे. आवाज तसाच. मी काझकडे पाहिलं. ते अंगठ्याकडे पाहत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

"मागच्या रांगेत असेल," ते पुटपुटले. "मागून ऐकू येत नाही."

आम्ही उठून मागच्या रांगेच्या वरच्या बाकांवर जाऊन बसलो. तिथेही काही नव्हतं. जरा वेळाने त्यांनी हात खिशात घातला.



दुपारी आठ-आठच्या रांगा करून एक लांब तुकडा वाजवायला दिला. शिक्षकाचं नाव डॅरियन, तिशीतला, मऊ बोलणारा. पाटी नव्हती त्याच्या हातात. तो रांगेमागून अनवाणी चालत होता. टेसाच्या रांगेने सुरुवात केली आणि ती छान वाजवत होती.  मग एक जागा आली, उजवीकडे धावता धावता डाव्या हाताने करायची. टेसाच्या काड्या वर गेल्या, खाली आल्या, आणि टेकल्या नाहीत. जागा निघून गेली आणि त्या पुन्हा टेकल्या. कानांना काहीच कळलं नाही. सात ड्रमांनी आठव्याची जागा भरून काढली होती.

काझनी ते पाहिलं. डॅरियननेही.

त्याने रांग थांबवली. "तू, तिसरी. तेवढंच, एकटी वाजव."

ती वाजवायला लागली. त्याच जागेवर व्यायामशाळा गप्प झाली. फक्त तिच्या बुटांचा आवाज, आणि पुन्हा ड्रम.

"अजून एकदा," तो म्हणाला. "चुकलीस तरी चालेल. चुकूनच दाखव."

पुन्हा तेच. यावेळी तिने दात आवळलेले दिसत होते.

"हे बघ, चुकीचं वाजवलेलं मी मे महिन्यापर्यंत दुरुस्त करू शकतो," डॅरियन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "न वाजवलेलं कसं दुरुस्त करू? कुणी शिकवलं तुला हे?"

टेसाने वर बाकांकडे पाहिलं नाही. "सवय आहे," ती म्हणाली.

तिची निवड झाली नाही, हे संध्याकाळच्या आधीच तिला सांगितलं गेलं. परतीच्या वाटेवर शेतांवर बर्फ होतं आणि आभाळही त्याच रंगाचं. ती मागच्या सीटवर होती, काझ माझ्या शेजारी.

"फार पोरं होती, जाजा," ती म्हणाली. "टेक्सासची ती मुलगी तर चार वर्षं कॉलेजात हेच शिकतेय. जागाच कमी."

"हं."

"आणि मला थंडी वाजत होती. हात गरमच झाले नाहीत."

"टेसा, मी वरून बघत होतो."

तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"मला करायचं नव्हतं," ती म्हणाली. "मी ठरवून गेले होते की काही झालं तरी टेकवायच्याच. हात माझं ऐकत नाहीत."

"ते माझं ऐकतात," काझ म्हणाले. मी रस्त्यावरून नजर काढली नाही.

रविवारी चर्च झाल्यावर त्यांनी तिला तळघरात बोलावलं. मलाही ये म्हणाले. का ते कळलं नाही, कदाचित त्यांना तिच्याबरोबर एकटं राहवत नसावं. त्यांनी तिला तो तुकडा वाजवायला सांगितला, धावणं-बिवणं काही नाही, उभ्यानेच, हळू. ती त्या जागेपर्यंत आली आणि काड्या वर राहिल्या.

"टेकव," ते म्हणाले.

"टेकवते की."

"चुकीचं टेकव. कसंही. बदड त्याला."

तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथे शांतता. काझ तिच्या मागे गेले, तिची मनगटं आपल्या हातांत धरली आणि त्या जागेवर ती खाली दाबली. दोन वेडेवाकडे ठोके पडले. आपण केलेल्या आवाजाने दोघंही दचकले. मग त्यांनी मनगटं सोडली आणि तिला एकटीला वाजवायला सांगितलं. काड्या वर गेल्या. असं किती वेळ चाललं कोण जाणे. वर चर्चमध्ये खुर्च्या घडी केल्याचे आवाज आले आणि थांबले. ते कधी ओरडत होते, कधी विनवत होते. शेवटी ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मला एकदा तरी चूक ऐकव, बाळा." एवढ्या वर्षांत बाळा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. टेसा ड्रमकडे पाहत होती. तिने काड्या उचलल्या, तुकडा सुरू केला, स्वच्छ, एकसारखा, आणि ती जागा आली, तशीच रिकामी गेली.

मार्चमध्ये तिने बेकरीतली रात्रपाळी घेतली. तिथे पगार जरा बरा असतो, आणि दिवसा झोप काढायची असल्याने दुपारी तळघरात उतरायचा प्रश्न उरत नाही. काझनी तिला का म्हणून विचारलं नाही. शुक्रवारी आम्ही अजून मासे खायला जातो. एल्रॉय एकदा सवयीने काहीतरी बोलायला वळले, काझकडे पाहिलं, आणि मिठाची बाटली मागून घेतली.