मागची सीट नसलेली गाडी

गाडी घ्यायची म्हटल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न येतो तो किमतीचा नाही, की ती किती पळते याचाही नाही. "माणसं किती बसतात?" हा तो प्रश्न. मी म्हणाले, "दोन." ताटावरचे सगळे हात थांबले.

"दोन म्हंजे?" आक्कांनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी विचारलं. "पुढं दोन, आन मागं?"

"मागं काही नाही. मागं सीटच नाही."

"मग बाकीच्यानी काय बस धरून यायचं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे सत्तावीस वर्षांपासून उत्तर तयार होतं, पण ते तेव्हा दिलं नाही. सत्तावीस वर्षं, म्हणजे लग्न होऊन बेळगावजवळच्या पिरनवाडीतल्या या घरात आले तेव्हापासून, घरच्या जीपमधली माझी जागा ठरलेली आहे. अगदी मागं, आडव्या सीटवर. धाकटी सून म्हणून आधी तिथं बसले आणि मग तिथलीच झाले. मांडीवर भाकरीची पिशवी, पायात पाण्याचा कॅन, हातात उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी, कारण मला गाडी लागते. मागच्या काचेतून जो रस्ता मागं पडला तोच दिसतो. संकेश्वर गेलं, हत्तरगीचा टोल गेला, हे मला नेहमी गेल्यावर कळतं. पुढं बसावं म्हटलं की कुणीतरी असतंच: सासूबाई, पाहुणे, जावई, देवाचा फोटो. एकदा तर नवा टीव्ही पुढच्या सीटवर पट्टा लावून बसला होता.

बारा वर्षांपूर्वी मी क्लास लावून गाडी शिकले. लायसन्स काढलं. त्याचा उपयोग आजवर बँकेत ओळख पटवायला झाला. बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत मी गणित शिकवते. तिथली माझी एक मैत्रीण रविवारी सकाळी कॅम्पातल्या रिकाम्या रस्त्यांवर मला तिची गाडी चालवायला द्यायची, म्हणून हात तरी टिकला. घरी जीप मागितली की "कशाला उगीच, गर्दी लई हाय" असं उत्तर यायचं. पहाटे पाचलाही गर्दी लईच असायची.

म्हणून मोबाइलवर त्या गाडीचा फोटो दिसला तेव्हा मी तो तीन दिवस परत परत बघितला. आपल्याच देशात बनलेली छोटी, बुटकी स्पोर्ट्स कार. कापडी छप्पर, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, म्हणूनच आवाक्यातली. मालक निपाणीचे एक म्हातारे तंबाखू व्यापारी. पैसे माझे, पगारातून बाजूला टाकलेले. मला वेग नको होता, लाल रंगही नको होता. मला फक्त अशी गाडी हवी होती, जिच्यात मागं बसवताच येत नाही.

हे सरळ बोलून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "पेट्रोल कमी लागतं."

आमच्याकडे गाडी बघायला जायचं म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखं सगळं घर जातं. दोन माणसांची गाडी बघायला आम्ही सात जण जीपमधून निपाणीला गेलो. मी अर्थात मागं. व्यापाऱ्यांच्या घरी कांदेपोहे झाले, चहा झाला, मग वखारीत नेण्यात आलं. तंबाखूच्या पोत्यांच्या दोन रांगांमध्ये, नाक भिंतीला लावून ती उभी होती. लाल रंग उतरून विटेसारखा झालेला. आम्ही सातही जण शिंकत शिंकत तिच्याभोवती फिरलो.

मी विचारलं, "क्लच कसा आहे?"

व्यापारी आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "क्लच नवाच घातलाय बगा."

"टायर?"

"टायर बी चांगलं हाईत," पुन्हा ह्यांच्याकडे बघून. ह्यांना गाड्यांतलं काही कळत नाही. मच्छे गावातल्या कारखान्यात ते हिशेब बघतात. पण त्यांनी गंभीरपणे मान हलवली, जणू क्लचचं शिक्षण घेऊनच आले होते. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. व्यापारी माझ्याएवढेच, म्हणजे पाच फुटांच्या आतले. सीट त्यांच्या मापाला पुढं ओढलेली आणि गंजून तिथंच बसलेली. "सीट तेवडी मागं सरकत न्हाय, बाकी बेस हाय," ते ह्यांना म्हणाले. मला ती कुठंही सरकवायची नव्हती. पाय नीट पोचत होते, आणि पुढं काचेतून दिसत होतं. भिंत दिसत होती, पण पुढची दिसत होती.

मग कागदपत्रं. गाडी कोल्हापूरच्या नंबरची, एमएच शून्य नऊ. ती बेळगावच्या नंबरवर घ्यायची तर तिकडचं ना-हरकत पत्र पाहिजे, इकडचा कर पाहिजे, तिकडं मराठीत अर्ज, इकडं कन्नडमध्ये. दोन राज्यांच्या मधे राहिलं की कुठलंही काम दोनदा करायला मिळतं. शाळेला सुट्ट्या टाकून मी खेपा घातल्या. आमचे थोरले दीर, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, त्यांचं एकच मत होतं: "तिला म्हणावं, नंबर ऱ्हाऊ दे की. एमएच बघून बरं वाटतंय."

हे ते मला सांगत होते. मी समोरच उभी होते. पण धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही अशी त्यांची पद्धत. सत्तावीस वर्षं ते मला जे सांगायचं ते आक्कांना, ह्यांना, कुणी नसलंच तर भिंतीला सांगत आले आहेत. "तिला म्हणावं, चहा झाला काय." मीही भिंतीकडून निरोप घेत आले. माणूस वाईट नाही, पण वैताग येतो.

गाडी आणायच्या दिवशी शेवटी ज्याची भीती होती तेच झालं. घरात नवी गाडी आली की पहिल्यांदा घरातल्या थोरल्यानं चालवायची आणि शेजारी घरातल्या सगळ्यांत वडील माणसानं बसायचं. म्हणजे चालवणार अण्णा, शेजारी सासूबाई.

"गाडी माझी आहे," मी ह्यांना म्हणाले.

"अगं, घरापतूर तर. मग हायच की तुझी."

"घरापर्यंत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे."

"तेवढंच म्हंतो मी," हे म्हणाले.

वखारीत मी म्हणाले, आधी गाडी बाहेर काढूया, मग पूजा करूया. आक्का म्हणाल्या, पूजेशिवाय नवी गाडी हलवायची नाही. बरं. हळदकुंकू झालं, हार झाला, नारळ फुटला, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवून झाली. अण्णा आत शिरले. शिरले म्हणजे घुसले. सीट मागं सरकत नाही हे ते विसरले होते. गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले. गाडी सुरू झाली, गिअर पडला, आणि अण्णा थांबले.

समोर भिंत होती. आणि पूजा झालेली गाडी पहिल्यांदा मागं घ्यायची नाही, पुढंच गेली पाहिजे, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं.

हलवायची नाही म्हणून पूजा भिंतीसमोर केली, आणि पूजा केली म्हणून आता मागं घेता येत नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं असतं तर फार बोलले असते. शेवटी वखारीतले सहा हमाल आले, "व्हय, व्हय, उचला की!" करत अण्णांसकट, सासूबाईंसकट गाडी उचलली आणि दाराकडे तोंड करून ठेवली. लिंबं पोत्यांखाली घरंगळली. मग नवी लिंबं आणायला आक्कांचे जावई बाजारात गेले. ते येईपर्यंत अण्णा आतच बसून राहिले, कारण एकदा निघाले असते तर पुन्हा आत जाता आलं नसतं.

अखेर माझी गाडी निघाली, आणि तिच्या मागं आमची जीप. जीप जावई चालवत होते, पुढं हे, मधे आक्का, त्यांची लेक आणि एक चुलतसासूबाई. मी मागं, आडव्या सीटवर, मांडीवर भाकरीची पिशवी. स्वतःची गाडी आणायला आले होते आणि तीसुद्धा मला दिसत नव्हती. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. रागानं आलं. आक्कांनी मागं न बघता विचारलं, "लागाय लागली काय गं गाडी?"

तवंदीच्या घाटात जीप थांबली. का थांबली ते मला अर्थातच दिसलं नाही. मागचं दार उघडून खाली उतरले तेव्हा कळलं. अण्णांच्या पायाला गोळा आला होता. क्लच दाबायला गुडघा आणखी कुठं न्यावा हेच त्यांना सुचेना. हे आणि जावई दोघांनी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं, आधी एक पाय, मग बाकीचे अण्णा. ते कठड्यावर बसून पोटरी चोळत म्हणाले, "तू चालीव रं."

हे गाडीत शिरायला गेले. हे अण्णांहून उंच. गुडघे आत गेले, पण दार लागेना. जावई तर वाकून नुसतेच बघून परतले. शेजारच्या सीटवर सासूबाई फुटलेल्या नारळाच्या वाट्या ओटीत घेऊन शांत बसून होत्या. त्यांना उतरायचं कारणच नव्हतं.

मग अण्णांनी वर बघितलं. आक्कांकडे नाही, ह्यांच्याकडे नाही. "तुला येतंय नव्हं?"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी. "येतंय की," मी म्हणाले आणि भाकरीची पिशवी ह्यांच्या हातात दिली.

सीट मला बरोबर झाली. आरसा हलवावा लागला नाही. घाट उतरून पुढं सगळा सहापदरी रस्ता होता, आणि तो सगळा पुढून येत होता. संकेश्वर येणार, येणार, मग आलं. सासूबाई संकेश्वरपर्यंत डॅशबोर्ड धरून "सावकाश, सावकाश" म्हणत होत्या आणि त्यानंतर झोपल्या. हत्तरगीच्या टोलवर पावती मी स्वतः हात बाहेर काढून घेतली. वंटमुरीच्या वळणांवर मी एकदाही गिअर चुकवला नाही. मला गाडी लागली नाही. काकती आल्यावर ध्यानात आलं की आपल्याला मुळात गाडी लागतच नाही, ती जागा लागते. सत्तावीस वर्षं गोळ्या खाल्ल्या होत्या.

पिरनवाडीत घरासमोर मी गाडी लावली. मागून जीप आली. पुढून अण्णा उतरले, कारण पाय दुखत असल्यानं त्यांना पुढंच बसवणं भाग होतं. मधून बायका उतरल्या. मग मागचं दार उघडलं आणि हे उतरले, मांडीवरची पिशवी छातीशी धरून, तोंड पांढरंफटक. हातातली प्लास्टिकची पिशवी गाठ मारलेली होती.

मी पाणी आणून दिलं. चूळ भरून ते पायरीवर बसले.

"मागं लई आदळतंय गं," मग म्हणाले. "आन काय बी दिसत न्हाय. नुसता गेलेला रस्ता दिसतोय."

"व्हय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि म्हणूनच मला पुढचं वाक्य सहन झालं नाही. "मग इतकी वर्सं तू कधी सांगितलं न्हाईस ते?"

सांगितलं होतं. प्रत्येक खेपेला सांगितलं होतं. पण मी मागून सांगत होते. पुढं ऐकू गेलं नसणार.