शेवंताबाईंची बशी

मंडळी, मी अकोल्यात तोंडाची ऑपरेशनं करतो. आज हिवरखेडच्या शेवंताबाई सुनेसोबत रिपोर्ट घ्यायला आल्या. त्यांच्या टाळूवरची गाठ मीच काढली होती.

बाईंनी जन्मात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला नाही, तरी गावानं परस्पर कॅन्सर ठरवला. घरात त्यांचा कप वेगळा ठेवला, हे सुनेनंच मान खाली घालून सांगितलं. असं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

"गाठ साधी आहे, लाळेच्या ग्रंथीची. क्वचितच होते. पूर्ण निघाली. आणि कॅन्सरसुद्धा उष्ट्यानं पसरत नाही!"

"मंग चहा पेला त चालते?" बाईंनी विचारलं.

"थंड करून."

बाहेरच्या टपरीवर सुनेनं चहा बशीत ओतून दिला, मला खिडकीतून दिसत होतं. बाईंनी अर्धा पिऊन बशी तिच्यापुढे धरली. "घे वं पोरी, आता काहून भेतं?"

सुनेनं डोळे पुसले आणि तीच बशी तोंडाला लावली.

तुमच्या घरी कोणाचा कप वेगळा आहे?